ऐंशीच्या घरात चित्रकार कसे होता येते?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या एमिली नावाच्या एका आदिवासी बाईंबद्दल वाचले. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी म्हणे पहिल्यांदा ब्रश हातात धरला आणि सात-आठ वर्षांत त्या जगप्रसिद्ध झाल्या. त्यांच्या चित्रांना कोटींच्या किमती येतात. छापलेले चित्र पाहिले तर नुसता पांढऱ्या रेघांचा गुंता दिसतो. यात त्यांची संस्कृती कुठे आहे, आणि ती 'जपली' म्हणजे त्यांनी नेमके काय केले? आणखी एक. माझ्या नातीच्या चित्रकलेच्या वर्गात 'ॲबोरिजिनल डॉट पेंटिंग' शिकवतात. ते योग्य आहे का?
– साताऱ्याच्या एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात तीन-चार शंका आहेत, पण एक सुटली की दुसरी आपोआप सैल होते. म्हणून क्रमाने जाऊ.

तुम्ही ज्यांच्याबद्दल वाचलेत त्या एमिली काम उंग्वारे. जन्म साधारण १९१० चा, मध्य ऑस्ट्रेलियातल्या अल्हाल्कर या प्रदेशातला. तिथे राहणारे लोक अनमाट्यर. 'ॲबोरिजिनल' असा एकच समाज ऑस्ट्रेलियात आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १७८८ मध्ये इंग्रज तिथे उतरले तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, आणि प्रत्येक समाजाची जमीन, गाणी, नात्यांचे नियम वेगळे होते. एमिलीबाईंचा मुलूख ॲलिस स्प्रिंग्ज या शहराच्या ईशान्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर. लाल माती, खुरटी झाडे, पावसाचा भरवसा नाही. त्या लहान होत्या त्या काळातच गोऱ्या पशुपालकांनी हा भाग गुरे चारायला पट्ट्याने घेतला आणि त्याला युटोपिया हे नाव पडले. ज्या जमिनीवर आपले पूर्वज वावरले तिथेच मजूर म्हणून राबायची वेळ तिथल्या लोकांवर आली. एमिलीबाईंनीही गुरांच्या वाड्यांवर कामे केली. उंट हाकण्याचे काम त्या करत, आणि त्या वेळी हे बाईमाणसाचे काम समजले जात नव्हते.

आता पहिली शंका. ऐंशीच्या घरात पहिल्यांदा ब्रश धरला, हे खरे आहे का? कॅनव्हासपुरते खरे आहे. चित्र काढण्यापुरते बिलकुल नाही.

अनमाट्यर स्त्रियांचा एक विधी आहे, अवेली. पुरुषांना त्यात वाव नसतो. बायका जमिनीवर बसतात, गेरू, पिवळी माती, पांढरी माती कुटून बारीक करतात, चरबीत कालवतात आणि एकमेकींच्या छातीवर, खांद्यांवर, दंडांवर पट्टे ओढतात. पट्टा ओढताना गाणे चालू असते. ज्या जागेचे गाणे, त्याच जागेचे पट्टे. गाणे चुकले तर रेघेला अर्थ नाही आणि रेघ चुकली तर गाण्याला. मग नाच होतो. जमीन नीट राहावी, कंद पोसावेत, माणसे आजारी पडू नयेत, एवढ्यासाठी हे सारे. एमिलीबाई त्यांच्या प्रदेशातल्या अवेलीच्या जाणत्या, वडीलधाऱ्या बाई होत्या. कोणता पट्टा कुठे, कोणते गाणे कोणी म्हणायचे, हे त्यांच्या शब्दावर चाले. शिवाय त्या भागातल्या बायका गोष्ट सांगताना समोरची वाळू हाताने साफ करून तिच्यावर बोटाने रेघा ओढत जातात, गोष्ट पुढे सरकली की पुसतात आणि पुन्हा ओढतात. म्हणजे पन्नास-साठ वर्षे त्यांचा हात चालूच होता. फक्त जे काढले ते अंगावर आणि वाळूवर, आणि ते पुसून जाण्यासाठीच काढलेले. संग्रहालयात ठेवण्याजोगे काही मागे उरले नाही, म्हणून बाहेरच्यांना वाटले की बाई काहीच काढत नव्हत्या.

मधला एक टप्पा वर्तमानपत्री गोष्टीत हमखास गळतो. १९७७ पासून युटोपियात प्रौढ शिक्षणाच्या वर्गांतून बाटिक शिकवले जाऊ लागले. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचे, मग उकळून मेण काढायचे. आपल्याकडेही बाटिकच्या साड्या आणि ओढण्या अनेकींनी वापरल्या आहेत. युटोपियातल्या बायकांनी पुढच्या वर्षी स्वतःचा बाटिक गट काढला आणि एमिलीबाई त्यात सुरुवातीपासून होत्या. दहा वर्षे त्यांनी रेशमावर काम केले. १९८८-८९ च्या उन्हाळ्यात युटोपियाच्या चित्रकारांना कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग वाटण्यात आले, तेव्हा त्यांनी पहिला कॅनव्हास रंगवला. त्याचे नाव 'एमू वुमन'. त्यात मध्यभागी दिसतात ते अवेलीचेच छातीवरचे पट्टे. बाटिक का सोडले, याचे त्यांनी दिलेले कारण अगदी व्यवहारी होते. कापड उकळा, साबणाने धुवा, पुन्हा उकळा, हे त्या वयात त्यांना झेपेना. रंग आणि ब्रश सोपे पडले.

तेव्हा 'म्हातारपणी अचानक प्रतिभा जागी झाली' ही गोष्ट कितीही गोड वाटली, तरी ती बाजूला ठेवावी. ती ऐकताना आपण एमिलीबाईंचे कौतुक करतो, पण त्यांच्या आधीच्या सत्तर वर्षांच्या शिक्षणाला शून्य किंमत देतो. हा अपवादही नव्हता. त्याच भागातल्या मिनी पर्ल यांनी २००० साली रंगवायला घेतले तेव्हा त्याही ऐंशीच्या आसपास होत्या, आणि त्यांचा ब्रशही पहिल्या दिवसापासून ठाम चालला. कारण तेच. अवेलीचे पट्टे ओढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आता रेघांचा गुंता. तुम्ही पाहिलेत ते चित्र बहुधा १९९५ चे 'बिग याम ड्रीमिंग' असावे. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात ते आहे. उंची जवळजवळ तीन मीटर, रुंदी आठ मीटर. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, कुठेही न तुटता एकीतून दुसरी फुटत गेलेल्या. कॅनव्हास जमिनीवर अंथरलेला, बाई त्यावर बसून रंगवत रंगवत सरकत गेलेल्या, आणि दोन दिवसांत चित्र पुरे. वय पंचाऐंशीच्या आसपास. चित्र भिंतीवर टांगायला नव्हे, जमिनीवर बसून काढलेले असल्याने त्याला वरची-खालची बाजू नसते.

या रेघा म्हणजे एक कंद आहे. अनमाट्यर भाषेत अनवेर्लार, इंग्रजीत पेन्सिल याम. वेल जमिनीलगत पसरते, पिवळी फुले येतात, खाली बोटाएवढे लांबट कंद धरतात. पाऊस ओसरला की वेल वाळते आणि वर काहीच दिसत नाही. मग कंद शोधायचा कसा? खाली तो पोसला की वरची माती तडकते. जाणती बाई ती बारीक भेग हेरते, खणायच्या काठीने माती उकरते आणि कंद गरम राखेत भाजते. आता चित्राकडे पुन्हा पाहा. मुळे जमिनीखाली कशी पांगतात आणि भेगा वर कशा पडतात, दोन्ही एकाच रेघेत आहे. अंगावरचे पट्टेही त्याच कंदाचे. दुष्काळात माणसे जगवणारे हे ज्ञान आहे.

या वनस्पतीचे आपल्याशी नातेही आहे. तिचे शास्त्रीय नाव व्हिग्ना लॅन्सिओलाटा. व्हिग्ना हीच मूग, मटकी, उडीद आणि चवळी यांचीही प्रजाती. तुमच्या घरातल्या मोडाच्या मटकीची ही लांबची बहीण, फक्त तिथे शेंगेपेक्षा कंदाला महत्त्व. आणि 'काम' म्हणजे याच वेलीचे बी आणि शेंग. एमिलीबाईंना हे नाव आजोबांच्या पिढीकडून आलेल्या हक्काने मिळाले होते, म्हणून त्या वेलीची जबाबदारीही त्यांची.

जबाबदारी हा शब्द इथे जपून वापरतो आहे. त्या लोकांच्या श्रद्धेनुसार आदिकाळात पूर्वज माणसाच्या, एमूच्या, सरड्याच्या, कंदाच्या रूपात त्या प्रदेशातून फिरले आणि त्यांच्या फिरण्यातून टेकड्या, पाणवठे, खडक घडले. ते पूर्वज कुठे निघून गेले नाहीत, त्या जागेतच आहेत. अल्हाल्करला आरपार भोक असलेला एक खडक आहे. त्या जागेच्या पूर्वजाची खूण म्हणून तिथली माणसे दोन नाकपुड्यांमधला पडदा टोचून घेत. एमिलीबाईंच्या छायाचित्रात ते छिद्र स्पष्ट दिसते. जमिनीवरची खूण शरीरावर आणि शरीरावरची खूण कॅनव्हासवर, असा हा क्रम आहे.

त्यामुळे दुसरा गैरसमजही निकालात निघतो. युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांना त्यांची चित्रे पाहून मोने आठवला, जॅक्सन पोलॉक आठवला, आणि 'अमूर्त चित्रकार' ही चिठ्ठी त्यांच्यावर चिकटली. एमिलीबाई या मंडळींची चित्रे पाहून काही शिकल्या होत्या, असे मुळीच नाही. चित्र कशाचे, असे विचारले की त्या यादी देत : कंद, त्याचे बी, गवताचे दाणे, काटेरी सरडा, एमू, एमू खातो ते झुडूप, अवेली, म्हणजे सगळेच. पाहणाऱ्याला विषय ओळखता आला नाही म्हणून चित्राला विषय नाही, असे होत नाही. त्यांची चित्रे मोठी आहेत ती रंग आणि रेषेच्या ताकदीवर, हे मी मानतोच. पण ती ताकद कुठून आली हे माहीत असले की चित्र अधिक दिसते.

ठिपक्यांबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रश्नाला ते लागणार आहे. 'चाळीस हजार वर्षांची डॉट पेंटिंगची परंपरा' असे वाक्य पर्यटनाच्या पुस्तिकांत असते. खडकांवरची चित्रे, जमिनीवरची आणि अंगावरची नक्षी फार जुनी आहे यात वाद नाही. पण फळ्यावर किंवा कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांचे ठिपके, हा प्रकार १९७१ चा. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या नावाच्या वसाहतीत जेफ्री बार्डन हे शाळामास्तर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी विधींमधली नक्षी फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काही फळ्यांवर अशी चिन्हे आली, जी दीक्षा न झालेल्यांनी पाहायची नसतात. आपसांत मोठी नाराजी झाली. त्यानंतर ती चिन्हे गाळली जाऊ लागली किंवा ठिपक्यांच्या दाट आवरणाखाली झाकली जाऊ लागली. म्हणजे पाहणाऱ्याला जी केवळ सजावट वाटते, ती कित्येकदा पडदा असते. एमिलीबाईंनीही सुरुवातीला ठिपके भरपूर वापरले, एकावर एक थर देत, खालच्या रेघा जवळपास बुजतील इतके. १९९४ च्या सुमारास त्यांनी ठिपके सोडले आणि नुसते पट्टे, नुसत्या रेघा काढल्या. खालची अवेली उघडी झाली. ऑगस्ट १९९६ मध्ये, मरणापूर्वी काही दिवस, त्यांनी रुंद ब्रशने २४ छोटी चित्रे काढली. त्यांत रेघाही नाहीत, रंगाचे सपाट फराटे आहेत. सप्टेंबर १९९६ मध्ये त्या गेल्या. कॅनव्हासवरची कारकीर्द जेमतेम आठ वर्षांची, आणि चित्रे अंदाजे तीन हजार.

आता 'जपणे' म्हणजे काय. आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे येतात. युटोपियात जपणे ही जमिनीच्या कागदपत्रांपर्यंत जाणारी गोष्ट होती. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींसाठी जमीन हक्काचा कायदा केला. हक्क मिळवायचा तर त्या जागेशी आपले परंपरेचे नाते आहे हे सुनावणीत दाखवून द्यायचे. लेखी दस्तऐवज तर कोणाकडेच नव्हते. युटोपियाच्या बायकांनी सुनावणीच्या वेळी अवेली सादर केली, गाणी म्हटली, त्या त्या जागेची नक्षी दाखवली. ज्याला हे येते त्याचीच ही जमीन, असा तो पुरावा होता. बाटिकच्या कामानेही बायकांना एकत्र येण्याची आणि बाहेरच्यांशी बोलण्याची सवय लावली होती. युटोपियाची जमीन तिच्या माणसांच्या नावावर परत आली. ज्या पट्ट्यांना तुम्ही 'नुसत्या रेघा' म्हणता, ते असे उपयोगी पडले.

हे ज्ञान तुटले तर काय होते, हेही युटोपियातच दिसते. मिनी पर्ल यांची मुलगी बार्बरा वीर. तिचे वडील गोरे. मिश्र वंशाची मुले आईपासून काढून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवायची, असे सरकारी धोरण त्या देशात अनेक दशके होते. लहानपणी बार्बराला सांभाळणाऱ्यांत एमिलीबाई होत्या. अधिकाऱ्यांची चाहूल लागली की मुलीला लपवायचे. पण १९५० च्या दशकात, ती नऊ-दहा वर्षांची असताना, तिला नेलेच. काही वर्षांत ती आपली भाषा विसरली. मोठेपणी ती युटोपियाला परतली तेव्हा आईशी बोलायला शब्द नव्हते. तिने भाषा पुन्हा शिकून घेतली, जमिनीच्या चळवळीत पडली, १९८५ मध्ये तिथल्या उरापुंचा कौन्सिलची पहिली महिला अध्यक्ष झाली आणि पुढे स्वतः नावाजलेली चित्रकार झाली. तिला परत जोडून घेता आले, कारण मागे राहिलेल्या बायकांनी गाणी आणि पट्टे चालू ठेवले होते. संस्कृती जपली म्हणजे काय केले, याचे याहून नेमके उत्तर मला देता येणार नाही. मुले काढून नेण्याच्या या धोरणाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

किमतींचे थोडक्यात. 'अर्थ्स क्रिएशन' हे १९९४ चे चित्र २००७ मध्ये दहा लाख ५६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना आणि २०१७ मध्ये २१ लाखांना विकले गेले. पण हे आकडे पुनर्विक्रीचे आहेत, ते मालकांच्या खिशात जातात. चित्रकाराला तेव्हा पहिल्या विक्रीचेच पैसे मिळत, आणि एमिलीबाईंचे तेही गोतावळ्यात वाटले जात. पुनर्विक्रीच्या रकमेतले पाच टक्के चित्रकाराला किंवा वारसांना देण्याची तरतूद ऑस्ट्रेलियात २०१० पासून लागू झाली. तीही सुरुवातीच्या काही व्यवहारांना सूट देऊन. फार उशीर झाला, असे माझे मत.

आता तुमची नात. 'ठिपके काय, कोणीही काढावेत' हे बरोबर आहे. ठिपक्यावर कोणाची मालकी नाही. प्रश्न निर्माण होतो तो एखाद्या समाजाची नक्षी उचलून तिला त्यांचे नाव देण्याने. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयासमोर एक खटला आला. आदिवासी चित्रकारांची चित्रे परस्पर उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून घेतले होते आणि ते ऑस्ट्रेलियात विकले जात होते. त्यात आर्नहेम लँडमधल्या यिरकला गावच्या चित्रकार बी. मारिका यांचे घोरपड आणि पवित्र पाणवठ्याचे चित्र होते. जे चित्र सगळ्यांनी पाहायचेही नसते त्यावर माणसे पाय देणार, हे एक दुःख. दुसरे त्याहून मोठे. त्या समाजात अशी नक्षी चित्रकाराची एकट्याची नसते, ती त्याला सांभाळायला दिलेली असते. तिचा गैरवापर झाला तर समाज जाब विचारतो तो चित्रकाराला, चोराला नव्हे. न्यायालयाने हे सांस्कृतिक नुकसानही भरपाईत धरले. पुढे २०१९ मध्ये, इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींनी हाताने रंगवल्या आहेत असे भासवून विकणाऱ्या एका कंपनीला त्याच न्यायालयाने २३ लाख डॉलर दंड केला.

आपल्याकडे वारली चित्रांचे काय होते ते आठवा. लग्नाच्या घरी सुवासिनी भिंतीवर देवचौक काढतात, धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा ते चित्र लग्नाचा भाग असते. तोच चौक कुठल्याही कपावर, चादरीवर छापला जातो आणि काढणारीचे नाव कुठेच नसते. तुम्हाला त्यात जे खटकते तेच युटोपियाच्या बाईला खटकेल.

म्हणून वर्गातल्या बाईंना एवढेच सुचवा. मुलांना ठिपके काढू द्यात, पण विषय त्यांचा असू दे : आपला डोंगर, आपली नदी, आपल्या परसातली वेल. कासव, बूमरँग आणि गोल गोल चिन्हे इंटरनेटवरून उतरवून त्याखाली 'ॲबोरिजिनल आर्ट' असे लिहू नये. त्यापेक्षा एमिलीबाईंचे एखादे चित्र मुलांना दाखवावे, कोणाचे, कुठल्या लोकांचे, कशाचे ते सांगावे. आणि तुमच्यापैकी कोणी ऑस्ट्रेलियात मुलांकडे जाणार असेल आणि अशी वस्तू विकत घेणार असेल, तर दुकानात चित्रकाराचे नाव आणि गाव विचारा. आदिवासी समाजांच्या स्वतःच्या मालकीची कला केंद्रे तिथे आहेत, त्यांच्याकडून घेतलेल्या चित्रासोबत ही माहिती लेखी मिळते. नाव सांगता येत नसेल तर ती वस्तू घेऊ नका.